छाया किसनोव्हना

लहानपणी मला पूर्ण नावानं दोघंच हाक मारायचे, वर्गात हजेरी घेणारे गुरुजी आणि चिडलेले अण्णा. गुरुजी आडनावासकट हाक मारायचे, अण्णा आडनाव गाळायचे. "शोभा किसन!" अशी आरोळी बाहेरच्या खोलीतून आली की मी हातातलं टाकून पळत सुटायची. दुसऱ्या शब्दावर त्यांचा जोर असे. पोरीनं आगळीक केली की नाव बापाचं जातं, एवढंच त्यांना त्यातून सांगायचं असावं. छायाताईला त्यांनी कधी अशी हाक मारल्याचं आठवत नाही. ती फारशी चुकायची नाही, आणि चुकली तरी अण्णांना ते दिसायचं नाही. मला याचा राग यायचा. तो तेव्हा मी बोलून दाखवला नाही आणि आता बोलून दाखवायला कुणी उरलेलं नाही.

तेव्हा आम्ही नागापूरला, एमआयडीसीच्या कुंपणाला लागून असलेल्या दोन खोल्यांत राहत होतो. वर पत्रे, खाली शहाबादी फरशी, आणि मागच्या भिंतीपलीकडे कुठल्याशा वर्कशॉपची प्रेस. ती सुरू झाली की आमच्या फळीवरची भांडी बारीक आवाजात थरथरायची. आई म्हणायची, "आपल्या घरात बगा, भांड्याला भांडं लागायला भांडायला नगं." पहिल्या पाळीचा भोंगा व्हायच्या आत तिच्या भाकऱ्या झालेल्या असत. बाजरीची भाकरी, खरडा, आणि थंडीत आठवड्यातून एकदा हुलग्याचे शेंगोळे. ते शिजताना लसणाचा वास शेजारच्या खोल्यांपर्यंत जायचा आणि मग वाटी घेऊन कुणी ना कुणी यायचंच. अण्णा कंपनीत टर्नर होते. तिसगावकडची कोरडवाहू जमीन भावांवर सोडून ते नगरला आले होते. गावाकडं पाऊस बोलावून येत नाही, इथं भोंगा न बोलावता होतो, असं ते म्हणायचे. छायाताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. दहावी झाल्यावर ती घरीच बसून शेजारणींची पोलकी शिवायची. शिवताना तिच्या तोंडात दोरा असे, म्हणून ती बोलायची कमी आणि मानेनंच हो-नाही सांगायची. तिला गडद रंग आवडायचे. उरलेल्या चिंध्यांची तिनं मला एक गोधडी शिवली होती, तिच्यात एकही फिका तुकडा नव्हता.

त्या सुमारास अण्णांच्या कंपनीत रशियाहून एक मोठं मशीन आलं. भल्या थोरल्या पेट्यांमधून, तुकड्यातुकड्यानं. ते बसवून द्यायला तिकडून एक इंजिनियर येणार होता. सगळ्यांनी तो पुरुषच असेल असं धरलं होतं, आणि जीपमधून उतरली एक बाई. पन्नाशीची, रुंद हाडाची, आखूड केसांची. ती येण्याच्या थोडं आधीच तिचा देश मोडला होता. पेट्यांवर एका देशाचं नाव होतं आणि तिच्या नव्या कागदांवर दुसऱ्याचं. आमच्या अण्णांना याचं फार वाईट वाटायचं. घरी येऊन ते सांगायचे, "बाई इकडं आली आन् तिकडं तिचं घरच गेलं बग. तरी सकाळी आठच्या ठोक्याला मशीनवर हजर." तिला मोडकंतोडकं इंग्रजी यायचं, अण्णांना त्याहून मोडकं. पण लेव्हल, बोल्ट, टाईट, लूज एवढ्यावर दोन माणसं दोन महिने काम करू शकतात, आणि त्यांनी ते केलं.

खरा घोळ झाला तिच्या नावाचा. तिच्या कागदांवर इंग्रजीत तीन नावं होती. नीना, पावलोव्हना, ग्रोमोवा. मुंबईच्या हापिसातून येणाऱ्या इंग्रजी पत्रांत मधलं नाव आखडून नुसतं 'पी' झालेलं असे, कारण इंग्रजीत मधल्या नावाची तेवढीच किंमत. कंपनीच्या टाइमकीपरनं मस्टरमध्ये लिहिलं, श्रीमती पावलोव्हना. त्याला ते आडनाव वाटलं. पण कामगार शहाणे. बाईमाणसाच्या नावात मधोमध कोण असतं, हे आपल्याकडं शेंबडं पोरही सांगेल. लग्नाआधी बाप, लग्नानंतर नवरा. बाईच्या बोटात अंगठी होती. म्हणजे मधला तो तिचा नवरा, पावलोव्ह साहेब. झालं. त्या दिवसापासून सगळं मशीनशॉप रोज सकाळी तिला पावलोव्ह साहेबांची खुशाली विचारू लागलं. बाई काही न समजता हसायची. 'गुड, गुड' म्हणायची. तिला वाटत असावं, हीच इथली नमस्काराची रीत.

मशीन सुरू झालं तेव्हा कामगारांनी तिला निरोप द्यायचं ठरवलं. फोरमनच्या बायकोनं तिच्यासाठी हिरवी साडी आणली. मग कुणीतरी म्हणालं, नुसत्या बाईचा आहेर कसा करायचा, जोडीचा पाहिजे. म्हणून पावलोव्ह साहेबांसाठी टॉवेल, टोपी आणि शर्टपीस आलं. त्या दिवशी कंपनीनं घरच्यांनाही बोलावलं होतं, त्यामुळं हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. बाईनं साडी छातीशी धरली. मग फोरमननं टोपीचं ताट पुढं केलं आणि आपल्या इंग्रजीत सांगितलं, हे मिस्टर पावलोव्हसाठी, युवर हजबंड. बाई ताटाकडं बघत राहिली. तिनं दोनदा विचारलं, कोण? मग तिला उमजलं, आणि आधी ती मोठ्यानं हसली. हसता हसता तिचं तोंड वाकडं झालं आणि ती तिथंच लोखंडी स्टुलावर बसून रडायला लागली. शॉपमध्ये कुणी हलेना.

सावरल्यावर तिनं सांगितलं ते अण्णांनी आम्हाला जन्मभर सांगितलं. पावेल हे तिच्या बापाचं नाव. ती तीन वर्षांची असताना तो लढाईत गेला. त्याचा चेहरा तिला आठवत नाही. पण तिकडं माणसाला मान द्यायचा तर साहेब, बाई, मिस्टर असलं काही लावत नाहीत, त्याचं नाव घेतात आणि त्याला बापाचं नाव जोडतात. पावेलचा मुलगा असता तर पावलोविच, मुलगी म्हणून पावलोव्हना. तिची दोन लग्नं झाली होती. आडनाव दोनदा बदललं. बापाचं नाव बदललं नाही, बदलतच नाही. शाळेत मास्तरीण झाली तरी, म्हातारी झाली तरी, विधवा झाली तरी जो कुणी आदरानं हाक मारील तो पावेलसकट मारील. "पन्नास वरसं झाली म्हनली," अण्णा सांगायचे, "बाप मरून पन्नास वरसं झाली, आन् अजून रोज मान्सं त्याचं नाव घेत्यात. हितं येऊन तुमीबी घेतलं, ते मला म्हाईतच न्हवतं म्हनली." शेवटी बाईनं ते टोपीचं ताटही घेतलं. ते तिनं कुणाच्या फोटोपुढं ठेवलं असेल, असं मला पुढं पुष्कळदा वाटलं.

इंग्रजी हे माझं पोट भरण्याचं साधन झालं, ते मी वीस वर्षं कॉलेजात शिकवलं, म्हणून इथं दोन शब्द बोलायचा मला अधिकार आहे. इंग्रजीला बापाच्या नावासाठी जागाच नाही. रशियन गोष्टी इंग्रजीतून वाचल्या की हे दिसतं. कुणी भाषांतरकार ते मधलं नाव कंटाळून गाळतो, कुणी त्याचं आद्याक्षर करतो, कुणी नावामागं मिस्टरही लावतो आणि बापही ठेवतो, म्हणजे धोतरावर टाय. इंग्रजी वाचकाला वाटतं, एकाच माणसाची इतकी नावं कशाला. माझ्या विद्यार्थिनींना मात्र कधी अडचण आली नाही. फक्त प्रत्येक वर्षी एखादी हटकून विचारायची, मॅडम, हिचं लग्न झालंय, मग अजून वडलांचंच नाव कसं? मी उत्तर द्यायची आणि खिडकी बंद करायच्या निमित्तानं पाठ फिरवायची.

बाई परत गेल्यावर पाचसहा महिन्यांनी अण्णांना तिचं पत्र आलं. इंग्रजीत, निळ्या शाईत, लहान पोरासारखं एकेक अक्षर सुटं. मी तेव्हा आठवीत, वाचायचं काम माझ्याकडं. सुरुवातीला मिस्टर नाही, आडनाव नाही. नुसतं 'डिअर किसन भिकाजेविच'. भिकाजी माझे आजोबा. आधीची दोन पोरं दगावली म्हणून देवाची भीक मागून जगवलेलं पोर, त्यामुळं नाव भिक्या. सगळी हयात दुसऱ्यांच्या बांधावर राबण्यात गेली आणि पाटलाच्या पोरापासून वाण्यापर्यंत सगळ्यांनी त्यांना भिक्याच म्हटलं. त्या माणसाचं नाव मानानं घेणारी पहिली व्यक्ती ही, कुठल्या कुठं राहणारी एक बाई. अण्णांनी मला ते दोन शब्द पुन्हा वाचायला लावले, मग पुन्हा. पुढं पत्रात काय होतं ते त्यांनी ऐकलंच नाही. ते मोरीत जाऊन तोंड धुऊन आले, तरी डोळे लालच होते.

त्या संध्याकाळपासून आम्ही दोघी घरात छाया किसनोव्हना आणि शोभा किसनोव्हना झालो. जेवायला बसताना, दिवा लावताना, उगाचच. आई कपाळाला हात लावायची. शेजारचे विचारायचे, पोरींना काय म्हनताय वो? अण्णा त्यांना थांबवून सगळी पावेलची कथा सांगायचे आणि शेवटी म्हणायचे, "लेक दिली म्हंजी काय बाप मेला का? माझ्या छायाच्या नावातून मला कोन काढतंय बगतो." ताई सुईत दोरा ओवता ओवता हसायची. मला वाटतं तिचा त्यावर विश्वास बसला होता. माझा तर नक्कीच बसला होता.

पुढच्याच वर्षी तिचं लग्न ठरलं. पाथर्डी तालुक्यातलं गाव, तिसगावच्या बाजारापासून तासाभराची वाट. माणसं चांगली होती, हे मी आज मुद्दाम लिहिते, कारण पुढचं वाचून कुणी त्यांना दोष देईल. दाजी, म्हणजे दत्तात्रय, अबोल होते. दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे, उरलेलं वर्ष घरचं रान करायचे. थोरला दीर होता, त्याची बायको होती, सासू होती. लग्न त्यांच्या दारात, मांडवात झालं. येसर आमटीचा तवंग, पत्रावळींचा ढीग, लाउडस्पीकरवर कुणाचं काय चाललंय ते कळत नव्हतं. मग तांदळाचं ताट आलं. नवऱ्या मुलानं अंगठीनं तांदळात नवरीचं नवीन नाव लिहायचं असतं. अण्णांनी सासूला आधीच बजावून ठेवलं होतं, आमच्या पोरीचं नाव बदलायचं न्हाई. सासू म्हणाली, "इवाई, मलाबी हौस न्हाई वो. पन माज्या थोरल्या सुनंचं नावबी छायाच हाय. एका घरात दोन छाया, कसं करायचं सांगा? एकीला हाक मारली की दोघी येतीला." मांडवात हशा पिकला. थोरली जाऊ तिथंच उभी होती, साधी, सावळी, कडेवर मूल. ती ओशाळून म्हणाली, "माजं बदला न् मग. मला काय हुतंय." त्यावर आणखी हशा.

मी अण्णांकडं बघत होते. आता ते बोलतील, पावेलची गोष्ट सांगतील, ताट बाजूला सारतील. अण्णांनी फेटा सारखा केला. इकडंतिकडं बघितलं. वऱ्हाडातले दोनशे डोळे त्यांच्यावर होते. "तुमच्या घरात गेली, तुमची झाली," ते म्हणाले. "ल्ह्या काय ल्ह्यायचं ते." दाजींनी तांदळात कविता असं लिहिलं. मधलं नाव दत्तात्रय हे कुणी लिहिलंही नाही, ते आपोआपच झालं. ताईनं मान खाली घातली होती, पण एकदा वर करून तिनं अण्णांकडं पाहिलं. त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

अण्णांनी त्यानंतर एकच गोष्ट केली. कविता हे नाव त्यांनी तोंडातून काढलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायचे छाया. पत्रावर पत्ता घालायचे, छाया किसन, आणि गावाचं नाव. चार कार्डं अशी गेली आणि चारही पोस्टमननं थोरल्या जावेच्या हातात दिली, कारण त्या घरातली छाया तीच. बिचारीला वाचता येत नव्हतं, तिला वाटलं तिच्या माहेरचीच आहेत. मग ताईचं मला वेगळं पत्र आलं. 'शोभे, अण्णांना सांगू नको, पण वर कविता दत्तात्रय लिहीत जा. नाहीतर मला काही मिळत नाही.' तेव्हापासून मजकूर अण्णा सांगायचे आणि पत्ता मी लिहायची, पोस्टाच्या पेटीकडं जाता जाता, त्यांच्या नकळत. ते नाव मी माझ्या हातानं किमान दहा वेळा तरी लिहिलं असेल. हे मी लिहून ठेवते आहे ते माझ्याविरुद्ध पुरावा म्हणून.

पंचमीला ती माहेरी आली तेव्हा एक झालं. अण्णा पाळीवरून आले, दारातूनच म्हणाले, छाया, पानी दे. ताई चुलीपाशी होती. तिनं मान वर केली नाही. ते पुन्हा म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा ती दचकून उठली, "अगं बाई, मला म्हनताय व्हय," म्हणाली. "मला वाटलं आक्कांला." जावेला ती आक्का म्हणायची. तिचा तिला फार लळा होता, बोलताना सारखं आक्का असं करत्यात, आक्का तसं करत्यात. अण्णांनी पाणी घेतलं आणि न पिता तांब्या खाली ठेवला. त्या वेळी तिला दिवस गेलेले होते, तिसरा महिना.

दिवाळीचे दिवस सरले आणि एके दिवशी सकाळी दहाच्या सुमारास कंपनीच्या गेटवर त्यांच्या गावचा एक माणूस आला. नगरला बाजाराच्या कामाला आला होता, वाटेत निरोप द्यायला थांबला. "तुमच्या पोरीला मोठ्या दवाखान्यात आनलीया. कावीळ झाल्ती. गावात उतरवायला नेली हुती, पन उतरंना." एवढं सांगून तो गेला. अण्णा तसेच घरी आले. आईला बरं नव्हतं, म्हणून त्यांनी मला बरोबर घेतलं. वाटेत चार मोसंबी घेतल्या, काविळीला चांगल्या असतात म्हणून.

दवाखान्यात खिडकीपाशी गर्दी होती. आमचा नंबर आला तेव्हा बारा वाजून गेले होते. अण्णा आत वाकून म्हणाले, "छाया किसन." पुढं आमचं आडनाव सांगितलं. आतल्या माणसानं मोठं रजिस्टर ओढलं, पानावरून बोट फिरवलं. नाही. कधी आणली? म्हाईत न्हाई. काय झालंय? कावीळ. त्यानं आणखी दोन पानं मागं पाहिली. "या नावाची पेशंटच नाही काका. बायकांच्या वॉर्डात चारला सोडतात, तेव्हा बघा हवं तर." अण्णांनी पुन्हा सांगितलं, छाया किसन, अगदी शाळेत सांगावं तसं सावकाश. मागच्या माणसानं कोपर मारलं. कुणीतरी म्हणालं, अहो, सुट्टी दिली असेल, काविळीच्या लोकांना दोन दिवसांत घरी सोडतात. अण्णा वळले आणि त्यांचा चेहरा मी पाहिला. त्यावरचं ओझं उतरलेलं होतं. "बगितलं का," ते मला म्हणाले, "बरी झाली. नेली आसंल घरी."

मला नाव माहीत होतं, मी ते महिन्याकाठी लिहीत होते, आणि त्या खिडकीपाशी ते माझ्या डोक्यात आलंच नाही. पंधरा वर्षांची पोर, पहिल्यांदाच दवाखाना पाहिलेली, गर्दी, फिनेलचा वास. हे सगळं खरं आहे. ते कुणाच्या कामाचं नाही.

बसस्टँडवर नागापूरच्या बसला वेळ होता. बाकावर बसून अण्णांनी एक मोसंबी सोलली, "आता कुनाला द्यायची, खा," म्हणाले, आणि अर्धी मला दिली. फार गोड होती. ते खुशीत होते, आईला काय सांगायचं, रविवारी गावाकडं जाऊन यायचं, असं बोलत होते. आणि तोंडात मोसंबीची फोड असताना मला ते आठवलं. मी म्हटलं, "अण्णा, तिथं तिचं नाव कविता आसंल. कविता दत्तात्रय. त्या नावानं इचाराया पायजे हुतं."

ते साल काढत होते. थांबले. "अण्णा, परत जाऊ या का?" मी विचारलं. फलाटाला बस लागत होती. दवाखाना तिथून पायी पंधरा मिनिटांवर. "माझ्या लेकीचं नाव कविता न्हाई," ते म्हणाले, पण जोरानं नाही, रुमालात साली गुंडाळता गुंडाळता. मग म्हणाले, "सकाळची पाळी सोडून आलोय, ती दुसऱ्या पाळीला भरून द्यायची हाय. सकाळी बगू." आम्ही बसमध्ये चढलो. मी हट्ट करू शकत होते, रस्त्यावर बसकण मारू शकत होते. एरवी चप्पल पाहिजे म्हणून मी तसं केलेलं होतं. घरी अण्णांनी आईला सांगितलं, सुट्टी झाली. आईनं देवापुढं साखर ठेवली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी उजाडताच दाढी केली, धुतलेला शर्ट घातला आणि मला फक्त 'चल' म्हणाले. खिडकी नुकतीच उघडली होती, पुढं कुणी नव्हतं. अण्णांनी दोन्ही हात कट्ट्यावर ठेवले. मग ते म्हणाले, "कविता दत्तात्रय." माणसानं रजिस्टर उघडायच्या आधीच मान वर केली. "तुम्ही कोण?" "वडील." त्यानं रजिस्टर उघडलंच नाही. बाहेर येऊन त्यानं अण्णांना बाकावर बसवलं आणि मग सांगितलं. काल चारच्या पुढं. नवरा रक्ताची बाटली घेऊन आला तेव्हा सगळं संपलेलं होतं. रात्रीच टेम्पोनं गावी नेलं.

आम्ही गावात पोचलो तेव्हा सकाळचे अकरा झाले होते आणि ओढ्याकाठी धूर निघत होता. त्यांनी आमच्याकडं निरोप्या पाठवला होता, आमची आणि त्याची चुकामूक झाली. दाजी भिंतीला टेकून बसले होते, अण्णांना पाहून उठले आणि पुन्हा बसले. सासूनं टाहो फोडला. अण्णा अंगणाच्या मधोमध उभे राहिले, कुठं बसावं ते त्यांना कळत नसल्यासारखे. मला रडू येत नव्हतं, मला फक्त भीती वाटत होती, की हे आता सगळ्यांसमोर सांगतील. आम्ही आल्तो. आम्ही काल दुपारी तिथंच हुतो.

थोरली जाऊ आतून आली. दोन दिवसांत ती वाळून गेली होती. ताईच्या उशाशी दवाखान्यात तीच होती. ती अण्णांच्या पायाशी जमिनीवर बसली आणि पदर तोंडाला लावून बोलू लागली, शब्द धड फुटत नव्हते. "सुद न्हवती वो तात्या तिला. डोळं उगडं, पन वळख न्हाई. दुपारधरनं नुस्तं एकच. छाया, छाया. छाया किसन काय म्हनायची, काय बी बरळायची. मी म्हनायची, हाय गं बाई, मी हाय हितंच, तुज्यापाशीच हाय. तोंडावरनं हात फिरवायची. तरी पुन्ना तेच. शेवटाला आवाज न्हवता तरी व्हटानं तेच." तिनं वर पाहिलं. "सख्खी भैन असती तरी येवड्या हाका मारल्या नसत्या. मलाच मारीत हुती ना वो, तात्या?"

मी अण्णांच्या शेजारी होते. ते खाली बसले, हळूहळू, आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले,

"व्हय माय. तुलाच मारीत हुती."